नळाचा खोकला

खर्र खर्र करत नळ खोकला, तशी तिने हेडफोन न काढताच हाक मारली, "ताई, नळ बंद करा हो, पाणी गेलंय!"

तिने हेडफोन काढले. घर चिडीचूप. ताई, म्हणजे तिची नणंद, गच्चीवर कपडे वाळत घालत होती, लेक तिच्या मागे मागे. स्वयंपाकघरातला नळ गपगुमान बंद होता.

खोकला क्लिपमध्ये होता.

तिचं काम घरी बसून क्लिपा ऐकायचं, त्यातली एक चाल ओळखायचं. कारखान्याच्या आगीत माणसं जळाली, त्यांच्या घरच्यांनी मसणवाटेवर एक गाणं म्हटलं. सरकारला ते झोंबलं. शब्दांवर बंदी आली, तर लोक नुसती चाल गुणगुणू लागले. लोक क्लिपा टाकायचे ते ॲप चालवणारी तिची कंपनी आधी स्वातंत्र्याच्या मोठ्या बाता मारत होती. सरकारने धंदा बंद पाडू म्हटल्यावर तिने शेपूट घातलं, आणि वर सरकारचीच कंत्राटं पदरात पाडून घेतली.

हिचा कान तयार. शिट्टीत, बासरीत, खोकल्याआड लपवली तरी चाल हिला सापडायची. 'हो' दाबलं की क्लिप गायब, आणि टाकणाऱ्याचा पत्ता सरकारच्या हातात. लेक तान्ही असताना, तिला मांडीवर झोपवून धरलेलं काम. नणंदेचा नवरा त्याच आगीत गेलेला. तिला हिने एवढंच सांगितलं होतं, गाण्यांच्या कंपनीत आहे.

तिने क्लिप पुन्हा लावली. पडदा काळा. भांडी घासल्याचा आवाज, नळाचा खोकला, आणि त्याखाली ताईंची गुणगुण. शेवटच्या ओळीला एक बारीक बोबडा सूर येऊन मिळाला. भलताच वर चढलेला. अंगाई म्हणतानाही लेकीचा सूर असाच चढायचा.

तिने 'नाही' दाबलं.

लगेच फोन वाजला. साहेब खुशीत होते. "मॅडम, अभिनंदन! आत्ता तुम्ही सोडलीत ना, ती मशीनने आधीच पकडली होती. तुमच्याकडे नुसती पडताळायला पाठवली."

"चुकलं असेल मशीन. भांडी घासतंय कुणीतरी."

"अहो, तुमच्याच कानावर शिकलंय ते! इतक्या वर्षांचं तुमचं एकेक 'हो' पोटात घालून बसलंय. गुरूची विद्या गुरूलाच!" ते स्वतःच्या विनोदावर मनमुराद हसले.

"आणि पत्ता?"

"तो गेला की केव्हाच. आपल्याकडे उधारी नसते. तुम्ही आता निवांत व्हा मॅडम. बाळाकडे बघा."

त्यांनी फोन ठेवला तरी तिने तो कानालाच धरला होता.

जिन्यात पावलं वाजली. ताई रिकामी बादली घेऊन आत आल्या. "काय गं, तोंड का उतरलंय? कामावर बोललं का कुणी?"

ती उठली. भर दुपारी दाराला आतून कडी घातली, वरचा बोल्टही सरकवला.

"अगं, आत्ता कोण येणारे?" ताई हसल्या.

लेक आत्याचा फोन दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, आमचं गाणं कुणीतरी पुसलं. आता आत्याने घरात म्हटलं, तर आत्याला पण पुसतील?"