भिंतीकडे तोंड करून

मैनाबाईला नवऱ्याचा संशय आला तो त्याच्या ढेकरावरून.

जानराव कापसाची गाडी घेऊन पहाटे अकोल्याला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. एरवी पाटावर बसल्या बसल्या तीन भाकरी मोडणारा माणूस त्या दिवशी अर्धी भाकर चिवडत बसायचा. “भूक नाई वं,” म्हणायचा आणि भिंतीला टेकून असा लांब, तृप्त ढेकर द्यायचा की गोठ्यातले बैल माना वर करून बघायचे. अंगाला हिन्याच्या अत्तराचा वास आणि ओठांवर गुणगुण.

ते साल तेजीचं होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस अडलेला, आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसलेल्या. अकोल्याच्या बाजारात मुंबईचे दलाल उतरले, त्यांच्यामागे सोनार उतरले, अत्तरवाले उतरले, आणि अत्तरवाल्यांच्या मागोमाग नाचणाऱ्याही उतरल्या. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या लहानशा खेड्यात ही बातमी विहिरीवर रोज ताजी होत असे.

“तुहा माणूस माळकरी आहे म्हणून बरं,” शेजारणी म्हणायच्या.

जानराव माळकरी होता हे खरं. मैनाबाईही माळकरीण होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जानराव तापानं फणफणला, तेव्हा सासूनं देवाला बोलून ठेवलं आणि तो उठून बसताच दोघांच्याही गळ्यात तुळशीच्या माळा घातल्या. त्या दिवसापासून घरात बोकडाचं नाव नाही. मैनाबाई वाढली होती रस्सा भुरकणाऱ्या घरात. पहिली दोन वर्षं तिला स्वप्नात मटणाची नळी दिसायची. पण नवरा इतका निष्ठेचा! मटणाचा वास आला तरी नाकाला उपरणं लावायचा. त्याच्यासमोर मन मोकळं करणार कसं? सासू वारली, माळा राहिल्या. नऊ वर्षं झाली.

पाचव्यांदा ढेकर आला तेव्हा मैनाबाईनं ठरवलं.

“पुढच्या खेपेले मी बी येतो अकोल्याले,” ती म्हणाली. “माणिकबाईले भेटून लय दिवस झाले.”

जानरावचा ढेकर अर्ध्यातच अडकला. पण मावसबहिणीच्या घरी जाऊ नको, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्या मंगळवारी त्यानं मैनाबाईला माणिकबाईच्या दारात उतरवलं. दुपारी कापूस मोजून झाल्यावर तो हातपाय धुवायला आला आणि म्हणाला, “राममंदिरात प्रवचन आहे. ऐकून येतो. तू थकली असशीन, पड जराशी.”

“हाव, पडतो,” मैनाबाई म्हणाली.

तो कोपऱ्यावर वळला न वळला तोच तिनं पदर डोक्यावर ओढला आणि निघाली. पुढं पांढरं मुंडासं, मागं ही. राममंदिर आलं. मुंडाशानं बाहेरूनच हात जोडले आणि ते सरळ पुढं गेलं. मैनाबाईनं पावलं झपाझप टाकली. मुंडासं मोर्णा नदीच्या काठाकडे वळलं, एका बोळात शिरलं आणि दिसेनासं झालं.

मैनाबाई बोळाच्या तोंडाशी थांबली. घुंगरू ऐकायला तिनं कान टवकारले होते. पण कानाआधी नाकानंच घात केला. बाभळीच्या कोळशाचा वास, वर कापसाच्या पऱ्हाटीच्या धुराची झाक, आणि त्यात चुरचुरणारी चरबी. तिच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

ती गफ्फारमियाँची भट्टी होती. अब्दुल गफ्फारच्या आज्यानं लावलेली. निजाम आणि भोसले दोघेही वऱ्हाडात वसुलीला यायचे त्या काळातली. म्हाताऱ्यानं दोघांच्याही शिपायांना एकाच तव्यावरून जेवू घातलं होतं म्हणे. तिथं एकच पदार्थ मिळायचा, पसंदे. बोकडाच्या मांडीचे हाताएवढे तुकडे सुरीच्या पाठीनं ठोकून ठोकून पसरायचे, कच्च्या पपईत नि मसाल्यात मुरवायचे, आणि पालथ्या लोखंडी तव्यावर भाजायचे. तीन पिढ्यांत त्यात जिऱ्याचा दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता.

मैनाबाई मागच्या दारानं डोकावली. चुलीपाशी गफ्फारची बायको नईमा मसाला वाटत होती. तिनं वर पाहिलं, पाहुणीच्या गळ्यातली माळ पाहिली, आणि पाट्यावरचा हात न थांबवता म्हणाली, “नवऱ्याले शोधून राह्यली का बाई?”

“तुले कसं समजलं?”

“माळवाली बाई इथं पसंदे खायाले थोडीच येते?” नईमा हसली. “बैस. पाणी पे. माठ तुमचा वेगळा आहे, सहदेव माळी भरते.”

“माहा माणूस इथं येते? मटण खायाले? अन् नाचणाऱ्या?”

“नाचणाऱ्या? अवं, एक पसंदा खाल्ला का मर्दाले उठता येत नाई, नाच काय पाह्यते?” नईमानं फळीच्या फटीकडे बोट दाखवलं. “पाह्य.”

मैनाबाईनं फटीला डोळा लावला. आत लांबट खोली. पुढच्या बाजूला मुसलमान गिऱ्हाइकं मोकळेपणी गोल बसून जेवत होती. मागच्या भिंतीला मात्र नऊ-दहा माणसं ओळीनं बसली होती, सगळी भिंतीकडे तोंड करून. प्रत्येकाच्या डोक्यावरून घोंगडी किंवा उपरणं, पुढं पळसाची पत्रावळ. आणि डोक्यावर हातभर उंचीला भिंतीत खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एकेक तुळशीमाळ.

“हे काय वं?”

“माह्या सासऱ्याची युक्ती,” नईमा म्हणाली. “भिंतीकडं तोंड केलं का कोणी कोणाले पाह्यत नाई. न पाह्यल्यावर पंचायतीत सांगन काय? पाणी तुमचं, पत्रावळ तुमची, अन् इस्तवाले इटाळ नसते म्हणतात. मंग राह्यलं काय? नाव मातर कोणी कोणाचं घ्याचं नाई. भाऊ म्हणायचं, बस.”

मैनाबाईला चौथ्या खुंटीवरची माळ दिसली. जानरावची तुटलेली माळ तिनंच मागच्या महिन्यात लाल दोऱ्यात ओवली होती. त्या माळेखालची घोंगडी लयीत हलत होती. तिला आधी रडू फुटलं, मग संताप आला, आणि मग पोटात भुकेनं अशी कळ मारली की बाकीचं सगळं मागं पडलं.

“बाजूची जागा रिकामी आहे,” नईमा खालच्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे लुकलुकत होते. “अन् माह्यापाशी एक घोंगडी आहे.”

घटकाभरानं जानरावच्या शेजारी एक ठेंगणं घोंगडं येऊन बसलं. बसण्याआधी त्यानं गळ्यातली चांदीच्या पानाची माळ काढून शेजारच्या खुंटीला लावली. त्याच्यापुढं पत्रावळ आली. पहिला घास तोंडात गेला तेव्हा मैनाबाईचे डोळे आपोआप मिटले. बाहेरून करकरीत, आत लोण्यासारखा. नऊ वर्षं, देवा! नऊ वर्षं अंबाडी!

“भाऊ पहिल्यांदाच आला वाटते?” शेजारून जानरावनं विचारलं.

घोंगड्यानं घसा खाकरून जाडा हुंकार दिला.

“समजते. पहिल्यांदा असंच होते, बोलता येत नाई. मी तं रडलो होतो.” जानराव बोटं चाटत होता. “घरी माळकरी आहेत का?”

हुंकार.

“माह्या घरी बी. बायको लय सोवळ्याची, राजा. बोकड म्हटलं का कान झाकते. देवमाणूस आहे बिचारी. तिच्यापायी मी नऊ वर्षं नाकाले उपरणं लावून फिरलो, का तिले वाईट वाटू नये.”

मैनाबाईनं घास तसाच हातात धरला.

“पण खायाचे लय हाल,” जानराव पुढं म्हणाला. “सोमवारी अंबाडी, मंगळवारी अंबाडी. बुधवारी म्हणते, आज येगळं केलं. पाह्यतो तं अंबाडीत दाणे. एखाद्या दिवशी मलेच अंबाडीचे फुलं येतीन.”

रांगेतली दोन-तीन घोंगडी खुसखुसली. मैनाबाईचे कान तापले. देवमाणूस म्हटल्यावर विरघळलेलं मन अंबाडीवर येताच पुन्हा घट्ट झालं. तिनं घोंगडीतून हात काढला आणि जानरावच्या पत्रावळीवरचा सगळ्यात मोठा पसंदा उचलून आपल्या पत्रावळीवर ठेवला.

जानरावनं पत्रावळीकडे पाहिलं. मग मोठ्या मनानं म्हणाला, “घे भाऊ, घे. भूक वाईट असते. हा बी घे, नरम आहे.”

तिनं तोही घेतला. दोन्ही संपवले, हात धुतले, आणि निघताना खुंटीवरून माळ घेतली. लाल दोऱ्याची.

मटणाचा वास दाबायला हिन्याचं अत्तर चोपडून जानराव माणिकबाईच्या घरी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायको ओसरीवर गहू निवडत बसली होती.

“कसं झालं प्रवचन?”

“लय रंगलं,” जानराव भिंतीला टेकला. “बुवांचा आवाज म्हणजे नुसतं लोणी.”

“कायावर बोलले?”

“हेच... त्यागावर.”

“अन् बाजूले कोण बसलं होतं?”

“होता एक भाऊ. भुकेला... म्हणजे, भक्तीचा भुकेला.”

माणिकबाई आतून पाणी घेऊन आली आणि थबकली. “काहो जावईबुवा, मैनाबाईची चांदीच्या पानाची माळ आपण कवापासून घालाले लागले?”

जानरावनं गळ्याला हात लावला. चांदीचं पान. मग त्याची नजर बायकोच्या गळ्याकडे गेली. तिथं लाल दोरा होता. सबंध दुपार त्याच्या डोक्यातून उलटी फिरत गेली असावी, कारण अंबाडीपाशी येताच तो पांढराफटक पडला.

“मैने... तू?”

“मलेच फुलं येतीन म्हणे,” मैनाबाई गव्हातला खडा उडवत म्हणाली.

“अन् तू खाल्ला? माह्या हातचा बी?”

“दोन. नरम होता.”

माणिकबाईला काही कळेना. नवरा-बायको एकमेकांकडे टक लावून पाहत होती. मग जानरावच्या छातीतून खुसखूस उठली, ती मैनाबाईला लागली, आणि दोघं अशी हसली की गव्हाचं सूप उलटं झालं.

परतीच्या वाटेवर गाडीत हिशेब झाला तो फक्त शब्दांचा. “तुमी मले सांगितलं काहून नाई?” “अन् तू मले?” हे वाटेतल्या नाल्यापर्यंत चाललं. तिथून पुढं अंबाडी सुरू झाली आणि ती घरापर्यंत संपली नाही. आठवडाभर जानरावनं स्वतः स्वयंपाक केला. त्याला भाजी एकच येत होती, वांग्याची, तीही जळकी. मैनाबाईनं ती मुकाट्यानं खाल्ली आणि शेजारणींना सांगितलं की मालकांनी सेवेचं व्रत घेतलं आहे.

पुढच्या खेपेला ती गाडीत आधीच बसून होती. तिला पाहून नईमानं चुलीमागची लाकडाची खोली झाडून घेतली. तिथं भिंतीकडे तोंड करावं लागत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मैनाबाईबरोबर शेजारची पार्बताबाई आली. तिचा नवरा दुसऱ्या खुंटीखाली बसायचा, हे तिला मैनाबाईनंच जाता जाता सांगितलं होतं. पार्बताबाईनं आपल्या दोन जावा आणल्या. नवरे पुढं भिंतीकडे तोंड करून पुटपुटत, आणि मागच्या खोलीत बायका मांडी घालून, पाय पसरून, जोरात हसत जेवत. त्या हसण्यानं पुढच्या घोंगड्या दचकायच्या.

“इनको धीरे हसने बोल,” गफ्फार नईमावर चिडायचा.

“तूच सांग,” नईमा म्हणायची. तो कधी सांगायला गेला नाही.

दुसऱ्या साली अमेरिकेतली लढाई मिटली. कापसाचा भाव असा कोसळला की आलेले दलाल आले तसे गेले. अत्तरवाल्यांनी दुकानं उचलली. गफ्फारच्या पुढच्या खोलीत निम्म्या खुंट्या रिकाम्या राहू लागल्या आणि तो कपाळाला हात लावून बसला. तेव्हा नईमानं त्याला मागच्या खोलीच्या दारापाशी नेलं. आत अकरा बायका होत्या. मैनाबाई दोन्ही हातांत पसंदा धरून काहीतरी सांगत होती, आणि पार्बताबाई तव्याकडे बोट दाखवून ओरडत होती, “नईमाबी, अजून चार टाक वं, अन् या खेपेले मिरची नीट घाल!”

गफ्फार भट्टीकडे वळला आणि सुरीच्या पाठीनं मांस ठोकायला बसला.