खंडेनवमीचा अपडेट

खंडेनवमीला बुधवार पेठेत हत्यारांना सुट्टी. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, सगळे हळदीकुंकू लावून झेंडूच्या माळेखाली गप्प बसतात; दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ठीक आहे. पण रंध्याला कुणी चारच्या आत टेंडर पाठवायला सांगत नाही.

तरन्नुमच्या सर्व्हरला सांगितलं होतं.

तात्यारावांच्या कंपनीत ती मेल सर्व्हर सांभाळायची. तीस-पस्तीस छोट्या कारखानदारांचं ईमेल त्यावरून जायचं-यायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोट होती. एखादा वेडावाकडा मेल आला की तो स्वतः पुढे सरकायचा नाही आणि मागच्यांनाही सरकू द्यायचा नाही, रेशनच्या रांगेतल्या भांडखोर माणसासारखा. खोट काढणारा अपडेट तीन आठवड्यांपूर्वीच आला होता. तरन्नुमने चार वेळा परवानगी मागितली, चारही वेळा उत्तर एकच: "चालतंय ना? मग खाजवून खरूज कशाला काढतेस?"

आज दुपारी अडीचला रांग अडली. अकराशे मेल तुंबले. त्यात खडकीच्या वैजनाथांचं टेंडर.

"ताई, या टेंडरसाठी सहा महिने राबलोय मी," फोनवर वैजनाथांचा आवाज चिरकला होता. "नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवायचं, दुसरं चालत नाही. चारला बंद होतंय. हे काम नाही मिळालं तर कारखान्याला कुलूप लागेल हो!"

तरन्नुम तडक तात्यारावांच्या टेबलापाशी गेली.

"अपडेट टाकते. थोडा वेळ सर्व्हर बंद राहील."

"डोकं फिरलंय का? सकाळी पूजा केलीय. उद्या सोनं लुटून झालं की बघू."

"मग हे वैजनाथांना तुम्हीच सांगा. घ्या फोन."

फोनवर पाल बसली असावी तसे तात्याराव मागे सरकले. "परंपरा असते, तरन्नुम. तुला नाही कळायचं."

"माझे अब्बा छापखान्यात होते. खंडेनवमीला मशीनला पहिला हार तेच घालायचे. मला परंपरा शिकवू नका. पूजा केलीत कुठल्या मशीनची, ते सांगा."

"ते काय, काळं कपाट. मेल सर्व्हर."

"ते दोन वर्षांपूर्वीच गेलंय. मेल सर्व्हर आता तो तिकडचा डबा. चपलांच्या रॅकवर, छत्र्यांच्या शेजारी."

तात्यारावांनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग रॅककडे. "पण कपाटाचे दिवे लागतात की!"

"तुम्ही बंद करू देत नाही म्हणून लागतात. दिवे लागले म्हणजे काम चालतं, असं असतं तर सरकारी ऑफिसं धावली असती."

"म्हणजे दोन वर्षं मी मढ्यापुढे नारळ फोडतोय?"

"खोबरं आम्ही खाल्लं ना. वाया नाही गेलं."

तात्यारावांनी रॅकजवळ जाऊन, चष्मा वर करून, तो वहीएवढा डबा नीट तपासला. "याला कुंकू लागलेलं नाही."

"टिकलीएवढंसुद्धा नाही."

"मग हात लावायला हरकत नाही," धर्मपीठावरून निवाडा द्यावा तसं ते म्हणाले.

तीन वीस झाले होते. तरन्नुमने आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली; घाईत ही पायरी गाळणारे पुढे आयुष्यभर पस्तावतात. मग सर्व्हर बंद, अपडेट, परत चालू. तीन अडतीस. रांग जागची हलेना. तात्याराव तिच्या मानेवर श्वास टाकत उभे.

"लांब उभे राहा. तुमच्या श्वासाने मेल जात नाहीत."

अकराशेचे हजार झाले. मग आठशे. तीन सेहेचाळीसला वैजनाथांचं टेंडर गेलं आणि तीन मिनिटांत फोन किंचाळला, "ताई, पोचपावती आली!"

तात्यारावांनी फोन हिसकावला. "आमच्याकडे सगळं वेळच्या वेळी अपडेट असतं हो, वैजनाथ!"

तरन्नुमने त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. दर महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपारी दोन ते तीन, अपडेट. परवानगीची गरज नाही.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. करा सही. का परत बोलू वैजनाथांशी, वेळच्या वेळी म्हणजे किती वेळाने ते?"

तात्यारावांनी सही केली. तरन्नुमने कागद फाइलला लावला आणि मागे राहिलेले आणखी दोन अपडेट तिथल्या तिथे टाकून मोकळी झाली.