धुराड्यातली घाण

मी नाशिक रोडचं एक जुनं विलायती घर आहे. अंगाने अरुंद, दुमजली, रस्त्याला खेटून उभं. रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाने आपल्या गावच्या घराची आठवण काढून मला बांधलं. उतरतं कौलारू छप्पर, वर सरकवून उघडायच्या खिडक्या, खोलीत शेकोटीचा कोनाडा आणि त्याचा धूर भिंतीतून वर नेणारं विटांचं धुराडं. मित्रांनो, तेव्हा लोक थांबून मला बघत.

साहेब गेला. पुढच्या मालकाने मला भाड्याने दिलं. वर चिमाजी कारकून, खाली भाजी विकणाऱ्या मालनबाई. चिमाजी इस्त्रीचा सदरा घालून निघे आणि माझ्या सागवानी जिन्यात पानाची पिंक टाकून जाई. तो लाल चिकट ओघळ पायऱ्या उतरू लागला की मला शिसारी येई. धुराडं साफ करायला वरच्या भिंतीत एक लोखंडी झाकण होतं. खाली जायचा कंटाळा, म्हणून तो त्यातून कचरा टाकू लागला. खरकटं, माशांची डोकी, मेलेला उंदीरसुद्धा! सगळं धुराड्याच्या वळणावर अडकून कुजलं. माझ्या पोटात अळ्या वळवळत आणि मला ओकताही येत नसे.

१९७८ च्या पौषात कडाक्याची थंडी पडली. मालनबाईंची लेक लता बाळंतपणाला आली होती. तान्ह्या नातीला ऊब मिळावी म्हणून मालनबाईंनी कोनाड्यात लाकडं पेटवली. धूर वर चढला, कचऱ्याला अडला आणि खोलीत परतला. दारही दिसेना.

"आई, पोरगी श्वास घेईना!" लता किंचाळली.

मालनबाईंनी खिडकी ओढली. मालकाने तेलरंगाचे थर फासून ती चौकटीला चिकटवून टाकली होती. शेवटी त्यांनी वरवंट्याने काच फोडली आणि नातीला बाहेर धरलं. पोरगी खोकली, मग भोकाड पसरून रडली. तेव्हा मालनबाई तडक जिना चढून चिमाजीकडे गेल्या.

धूर कशाला अडला, ते वरचं झाकण उघडताच कळलं.

"मला वाटलं, ते कचऱ्यासाठीच केलंय," चिमाजी म्हणाला.

"मग काढा आता. आम्ही नाय हात लावणार!" मालनबाई म्हणाल्या.

त्याने कोपरापर्यंत हात घातला. काळा, बुळबुळीत गोळा बाहेर आला आणि तो आपल्याच सदऱ्यावर ओकला.

त्यानंतर ते झाकण त्याने उघडलं नाही. तो कचरा खिडकीतून गल्लीत टाकू लागला!

मित्रांनो, हल्ली कॉलेजची मुलं येऊन माझी चित्रं काढतात. कौतुक पुरे झालं. कुठेही राहा, एवढं ध्यानात ठेवा : भिंतीपलीकडेही कुणीतरी श्वास घेत असतं.