सात नंबरची गोळी

डॉक्टर गेले ते खुर्चीतच. दुपारी बाराचा सुमार, बाहेर बाकांवर अजून नऊ पेशंट बसलेले, आणि आतून "पुढचा" अशी हाक काही येईना. खिडकीमागे गोळ्या मोजत बसलेल्या त्यांच्या बायकोला वाटलं, फोनवर असतील. तिनं हातातली पुडी बांधून पुरी केली, एका म्हातारीला दिली, "सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर" असं सांगितलं, आणि मग आत डोकावून पाहिलं.

सगळी वस्ती तिला वहिनी म्हणायची. एकतीस वर्षं ती त्या खिडकीमागे बसली होती. आधी तिथे एक कंपाउंडर होता. तो सोडून गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बस, दुसरा मिळेपर्यंत." तो दुसरा काही मिळाला नाही. खिडकीच्या आत फळीवर अकरा बरण्या होत्या आणि त्यांच्यावर औषधाचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते. डॉक्टर पेशंटला तपासून आतूनच सांगायचे, "दोन, पाच, नऊ. तीन दिवस." की ती कागदाचे चौकोन मांडून त्यांवर गोळ्या टाकायची आणि पुड्या बांधायची. गप्पा मारता मारता बांधली तरी पुडी चुकत नसे. चिठ्ठी लिहून द्यायची पद्धतच नव्हती. कोपऱ्यावरचा औषध-दुकानदार दवाखान्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा, आणि वस्तीला त्याचीही गंमत वाटायची. तपासणी इथेच, औषध इथेच, वर "काळजी करू नका" हेही इथेच. माणसाला आणखी काय लागतं?

त्या अकरा बरण्यांत सातवी सगळ्यांची लाडकी. गुडघे, कंबर, दमा, अंगावर उठणारी खाज, काहीही असो, दोन पुड्यांनी आराम पडला नाही की डॉक्टर म्हणायचे, "सात घाल." आणि कण्हत आलेला माणूस चार दिवसांनी हसत यायचा. वर्षा-दोन वर्षांत अशा माणसांचे चेहरे गोल, तकतकीत व्हायचे. वहिनीला ते बघून बरं वाटायचं. लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, आणि त्या गुणातला थोडा वाटा आपल्या बोटांचा आहे असं ती मनातल्या मनात धरून चालायची.

सात नंबरच्या गोळ्या हजाराच्या डब्यातून यायच्या. डबा आला की डॉक्टर स्वतः ब्लेडनं त्याचं लेबल खरवडून काढायचे. तिनं एकदा विचारलं तर म्हणाले, "बाकीच्यांना कळलं तर उद्या सगळेच देतील." तिला ते पटलं. धंद्यात गुपितं असायचीच.

डॉक्टर गेल्यावर मुलगा आला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता, आठ दिवसांची रजा काढून आला होता. जाताना त्यानं खिडकीमागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात ठेवली. "आई, आता कोणाला एक गोळीही द्यायची नाही. बाबा होते तोवर ठीक होतं. आता काही झालं तर तुझ्या अंगाशी येईल."

बोलणं चुकीचं नव्हतं. तिनं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी लोक यायला लागले. बरेचसे दार बंद बघून हळहळले आणि दुसरा डॉक्टर शोधायला गेले. शिंपी मात्र गेला नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, एक मशीन आणि एक आरसा मावेल एवढं. नऊ वर्षांपूर्वी त्याची बोटं सुजून अशी वाकडी झाली होती की सुईत दोरा ओवता येईना. सात नंबर सुरू झाली आणि तो पुन्हा मशीनवर बसला. तेव्हापासून रोज एक, खंड नाही.

"वहिनी, बाकीच्या नकोत. नुसती सात नंबर द्या."

"डॉक्टर नाहीत. आता मला देता यायची नाही."

"गेली नऊ वर्षं कोण देत होतं? तुम्हीच ना?"

"त्यांच्या सांगण्यावरून देत होते."

तो दोन दिवसांनी पुन्हा आला, आणि त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो पायरीवरच टेकला. तोंड उतरलेलं, ओठ कोरडे. तिनं त्याला पाणी दिलं, सरकारी हॉस्पिटलात दाखवायला सांगितलं, पण कुलूप उघडलं नाही. खरं सांगायचं तर तो गेल्यावर तिला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं. जन्मभर दुसऱ्याच्या सांगण्यावर चाललेल्या बाईनं पहिल्यांदा कोणाला तरी ठामपणे नाही म्हटलं होतं.

चार दिवसांनी शिंप्याची बायको धापा टाकत दारात आली. "वहिनी, ह्यांना हॉस्पिटलात टाकलंय. दोन दिवस नुसत्या उलट्या, आज सकाळी उठायला गेले ते खालीच पडले. तिथली डॉक्टरीण विचारतेय, रोज कुठलं औषध घेत होते. मी म्हटलं सात नंबर. ती म्हणते, सात नंबर म्हणजे काय?"

सात नंबर म्हणजे काय, हे वहिनीलाही माहीत नव्हतं.

तिनं कुलूप उघडलं. बरणी काढली. मग स्टुलावर चढून माळ्यावरचे रिकामे डबे एकेक करून उलटेपालटे केले. सगळे खरवडलेले. अगदी मागे एक गंजलेला निघाला, त्याच्यावर अर्धं लेबल शाबूत होतं. बरणी आणि डबा पिशवीत घालून ती शिंप्याच्या बायकोबरोबर निघाली.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण चाळिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर चहाचा कप तसाच निवलेला. तिनं डब्यावरचं नाव वाचलं आणि आधी नर्सला बोलावून भराभर दोन-तीन गोष्टी सांगितल्या. नर्स वॉर्डाकडे पळाली. मग ती वहिनीकडे वळली.

"किती वर्षं घेत होते?"

"नऊ."

"रोज?"

"रोज."

"काकू, हे स्टेरॉइड आहे. सूज आणि दुखणं दाबून टाकतं, म्हणून माणूस चार दिवसांत उठून चालायला लागतो. चांगलं औषध आहे, आम्हीही देतो. पण मोजून, तपासण्या करून. वर्षानुवर्षं घेतलं की हाडं पोकळ होतात, साखर वाढते, आणि शरीर असंच द्रव्य आपलं आपण तयार करत असतं, तेच विसरून जातं. मग गोळी एकदम थांबली की माणूस असा कोसळतो. हे थांबवायचं तर उतरवत, उतरवत. डॉक्टरांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मला नंबर सांगायचे."

डॉक्टरणीनं ते कागदावर टिपून घेतलं. तिनं बोल लावला असता तर वहिनीला सोपं गेलं असतं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर वहिनीला तिचे स्वतःचे गुडघे आठवले. चार वर्षांपूर्वी जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. एकदा खिडकी बंद करताना ती सहज म्हणाली होती, "मलाही सात घ्यायला काय हरकत आहे?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "ती तुझ्यासाठी नाही," एवढंच म्हणाले, आणि कागद ओढून तिला चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी, आणि औषध आणायचं तेही कोपऱ्यावरच्या त्याच दुकानदाराकडून. ती दोन दिवस फुगून बसली होती. गल्लीतल्या सगळ्यांना रामबाण गोळी आणि घरच्या माणसाला विकतचं मलम. तिला वाटलं होतं, आपली किंमत नाही.

किंमत होती. फक्त तिचीच होती.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. हा विचार तिनं चारही बाजूंनी उलटून पाहिला, कुठूनही त्याला वाट फुटेना. तिला संताप आला. आणि त्या संतापातच, एक क्षणभर, आपण वाचलो म्हणून बरंही वाटलं. त्या क्षणाची लाज तिला पुढे कधीच टाकता आली नाही.

शिंपी वाचला. पाचव्या दिवशी उठून बसला. डॉक्टरीण वहिनीला म्हणाली, "असे आणखी किती आहेत?" दवाखान्यात नोंदीचा कागद म्हणून नव्हताच. होतं ते सगळं वहिनीच्या डोक्यात. तिनं तिथेच बसून आठवून आठवून अडतीस माणसांची यादी करून दिली. कोण कुठे राहतं, रोज एक की दोन, किती वर्षं.

"त्यांना माझ्याकडे पाठवा," डॉक्टरीण म्हणाली. "लवकर."

वहिनी दारोदार फिरली. दुखरे गुडघे घेऊन जिने चढली, प्रत्येक घरात तेच सांगितलं. काही घरांनी ऐकून घेतलं. दमेकरी बाई दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात गेली, एक ड्रायव्हर गेला, दोघी बहिणी गेल्या. पण बरीच दारं तिच्या तोंडावर अलगद लागली. निवृत्त मास्तर गोल, तकतकीत चेहऱ्यानं हसत म्हणाले, "वहिनी, त्या हॉस्पिटलवाल्यांनी तुमच्या हातावर काय टेकवलं?" एका सुनेनं विचारलं, "एवढं वाईट होतं तर तुम्ही कशाला पुड्या बांधत होतात?" वहिनी म्हणाली, "काय आहे ते मी विचारलं नाही म्हणून." आणि जिना उतरली.

मुलाचा फोन आला. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

"आई, तू बाबांचं नाव मातीत घालतेयस."

"माणसं मरतील रे."

"कोणी मेलंय का? एकतीस वर्षांत कोणी मेलं?"

तिनं एकेकाला आठवून पाहिलं. दरवर्षी कोणी ना कोणी जातच होतं. कोणाची हाडं मोडली, कोणाच्या पायाची जखम चिघळली, कोणी साध्या तापात गेलं. डॉक्टर प्रत्येकाच्या घरी भेटायला जायचे आणि लोक त्यांचे हात धरून रडायचे. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता कोणालाच कळायचं नाही."

डॉक्टरांना जाऊन वर्ष झालं तेव्हा वस्तीनं शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. मुलगा सुट्टी काढून आला. मास्तर अध्यक्ष. पाच-सहा जण बोलले. रात्री-अपरात्री धावून येणारे डॉक्टर, गरिबाला चिठ्ठीचा खर्च न लावणारे डॉक्टर. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि वहिनीला तेच सोसवेना. शेवटी मास्तर म्हणाले, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत." ते केवळ म्हणायचं म्हणून म्हणाले होते. ती उठली.

तिनं सात नंबरचं सांगितलं. औषधाचं नाव सांगितलं, लेबल खरवडायचे ते सांगितलं. "ते मायाळू होते," ती म्हणाली, "आणि त्यांना माहीत होतं. दोन्ही खरं आहे. मला दिली नाही ती गोळी, तुम्हाला दिली. बांधली मी."

तिसऱ्या रांगेत शिंपी बसला होता. ज्याच्या अंगावरून हे गेलं होतं तो एकटा, आणि तो मान खाली घालून मांडीवरची टोपी फिरवत होता. मास्तरांनी हळूच येऊन तिच्या हातातला माईक काढून घेतला. "वहिनी अजून धक्क्यातून सावरलेल्या नाहीत," ते लोकांना म्हणाले. "आपण समजून घेऊ." दोन बायकांनी तिला दंडाला धरून खाली बसवलं. एकीनं पाणी दिलं, एकीनं पदर सारखा केला. कोणी रागावलं नाही. सगळे फार चांगले वागले.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेला.

आठवड्यानं वहिनी शिंप्याच्या दुकानात गेली. भांडायला नाही. तो बोलला का नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तो मशीनवर होता. डॉक्टरणीनं वर्षभरात त्याची गोळी जवळजवळ उतरवत आणली होती, नुकतंच दुसरं औषध सुरू केलं होतं, आणि मधल्या काळात त्याची बोटं पुन्हा सुजून दुकान अर्धा वेळ बंद असायचं. आज मात्र मशीन धडाधड चाललं होतं. चेहरा भरला होता.

तिला एका नजरेत कळलं. तिच्याइतकं ते कोणाला कळणार?

"कोण देतं?" तिनं विचारलं.

त्यानं पाय थांबवला. "पुलापलीकडे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे पांढरी बरणी आहे. नंबर नाही, पण गोळी मी बघूनच ओळखली."

"तू मरता मरता वाचलास."

"माहीत आहे. तुम्ही सभेत जे बोललात ते खरं होतं, तेही माहीत आहे." त्यानं दोन्ही हात पुढे केले, बोटं उघडमिट करून दाखवली. "डॉक्टरणीचं औषध लागू पडायला अजून वेळ लागेल म्हणाली. तोवर हे कुठे ठेवू? शाळेचे गणवेश शिवायचे आहेत, पंचेचाळीस. हातात काम नसलं तर आधी घरच उपाशी मरेल, मग मी."

आतून त्याची बायको आली, वहिनीला बघून तशीच मागे फिरली.

वहिनी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. रागावावं असं काही तिच्यापाशी उरलं नव्हतं, आणि समजूत घालावी असंही नाही. शिंप्यानं कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"डॉक्टरणीकडे जायचं सोडू नकोस," ती म्हणाली. "आणि ही घेतोस हे तिला सांग. एकदम थांबवू मात्र नकोस."

"बरं," तो म्हणाला. सांगणार नाही, हे त्या 'बरं'वरूनच तिला समजलं.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून पायरी उतरली, आणि यादीतल्या पुढच्या घराकडे चालायला लागली. तिथल्या म्हातारीनं दोनदा दार उघडलं नव्हतं.