सगळ्यांच्या मागून येणारी होडी

धक्क्यावर त्याला दुर्बीण म्हणत आणि घरात दादा. दुर्बीण हे नाव त्याला उगीच पडलं नव्हतं. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो वडिलांशेजारी उभा राहून पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी इतक्या लांबून ओळखायचा, की मोठी माणसं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नुसती बघत राहायची. आता वडील नव्हते. सुकाणू त्याच्या हाती आलं होतं आणि नाव तसंच चिकटून राहिलं होतं. डोळे मात्र तसे राहिले नव्हते, आणि ही गोष्ट त्याने आईलासुद्धा कळू दिली नव्हती.

बंदरात शिरायची वाट अरुंद, दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक. किनाऱ्यावर एक पांढरा खांब आणि त्याच्या मागे चढावर दुसरा. दोन्ही एकामागे एक येऊन एकच दिसू लागले, की होडी बरोबर वाटेवर आहे असं समजायचं. दादाला ते खांब एक झालेले दिसून किती काळ लोटला होता. खांबाला सावली फुटायची, सावलीला आणखी सावली, आणि ऊन समोरून आलं की पांढऱ्या रेघांचं कुंपणच उभं राहायचं.

त्यावर त्याने आपल्यापुरती युक्ती काढली होती. बंदराच्या तोंडाशी आलं की इंजिन मंद करायचं, मागच्या होडीला हात करून ‘जा पुढे’ म्हणायचं आणि तिच्यामागे पाण्यावर उमटलेल्या फेसाच्या पट्ट्यावरून आपली होडी अलगद आत आणायची. खडकाला कधी ओरखडादेखील लागला नाही. उलट त्याच्या सभ्यपणाचा केवढा बोलबाला झाला. म्हातारी माणसं घुसाघुशी करणाऱ्या पोरांना त्याचा दाखला द्यायची. होडीची मालकीणबाई तेवढी कुरकुरायची, की याच्या चांगुलपणापायी आमची मासळी लिलावाला शेवटी लागते. पण चारचौघांत त्याचं कौतुकही तीच जास्त करायची. कौतुक ऐकताना दादा खाली मान घालायचा. लोकांना वाटायचं, विनयाने.

त्याची समजूत अशी, की हे सगळं खाऱ्या पाण्याचं आणि वाऱ्याचं देणं. समुद्रावर हात फाटतात, तसे डोळेही झिजत असतील. बोलून दाखवलं की सुकाणू जाणार, मग बोला कशाला?

धाकट्या बहिणीचं दुखणं मात्र लपण्यासारखं नव्हतं. ती अजून शिकत होती आणि तिच्या चष्म्याचा नंबर वाढदिवसाची वाट न बघता वाढत होता. डोळे सारखे खाजायचे, आणि ती मुठी वळून अशी चोळायची जणू पाट्यावर काही वाटतेय. आईचा सगळा राग मोबाइलवर. शेवटी चष्मेवाल्यानेच हात टेकले. म्हणाला, काचा मी बदलत राहीन हो, पण दुखणं काचेत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून एकदा शहरातून डॉक्टरबाई यायच्या. दवाखाना म्हणजे एकच लांबट खोली आणि मधोमध हिरवा पडदा. पडद्याने दिसायचं बंद व्हायचं, पण आतलं सगळं ऐकू यायचं. त्यामुळे बाकावर ताटकळणाऱ्यांचा वेळ बरा जायचा. त्या दिवशी बाकाच्या टोकाला मालकीणबाई बसली होती, मोतीबिंदू पिकला की नाही ते बघायला.

आई, दादा आणि धाकटी पडद्याआड गेले. डॉक्टरबाईंनी धाकटीची हनुवटी यंत्रावर टेकवली, एक डोळा बघितला, दुसरा बघितला आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. तो घुमटासारखा गोल असावा लागतो. काही जणांचा तो पातळ पडत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. केरॅटोकोनस म्हणतात त्याला. मग एका दिव्याचे तीन-चार दिवे दिसतात, अक्षराखाली अक्षराचं भूत दिसतं, आणि चष्म्याने काही भागत नाही.

“एवढ्याशा पोरीला एवढं लांबलचक नाव,” आई पुटपुटली.

डॉक्टरबाई धाकटीचं सांगत होत्या आणि दादा स्वतःचं ऐकत होता.

पण धाकटीला तेच झालंय असं त्या ठामपणे सांगत नव्हत्या. मोजमाप काठावरचं होतं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, वाढलेलं दिसलं तर उपचार करू, असं त्यांचं म्हणणं. उपचार म्हणजे औषधाचे थेंब टाकून डोळ्यावर ठरावीक प्रकाश सोडायचा. त्याने तो पडदा घट्ट होतो आणि दुखणं बहुतेक वेळा आहे तिथे थांबतं. गेलेली नजर मात्र त्याने परत येत नाही.

“घरात आणखी कुणाला आहे का असं?” त्यांनी विचारलं. “असेल तर मी थांबणार नाही, लगेच शहरात पाठवेन. या वयात ते फार झपाट्याने वाढतं.”

“छे हो,” आई म्हणाली. “हिच्या वडिलांना शेवटपर्यंत चष्मा नव्हता. आणि हा तर आमचा दुर्बीण.”

पडद्यापलीकडे बाकावर कुणीतरी कौतुकाने हसलं. सहा महिने म्हणजे काही फार नव्हेत, असं दादाने मनाला सांगितलं. मन ऐकेना, तरी तो धाकटीला घेऊन पडद्याबाहेर निघाला.

तिघं बाहेर पायरीवर आले. आई पायताण शोधत होती. धाकटीने चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा चढवला आणि समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत म्हणाली, “मला तर अक्षरांवर अक्षरं बसलेली दिसतात. दादा, तू वाच ना, तुला दिसेल.”

दादाने पाटीकडे बघितलं. अक्षरांवर अक्षरं बसली होती.

त्याला वाटलं, थाप मारावी. किराणा म्हणावं, नाहीतर औषधं. ही पोर खरं मानेल. आपण काहीही म्हटलं तरी ती खरंच मानेल. या विचाराने त्याला एवढी लाज वाटली, की तो वळला आणि पायताणासकट थेट पडद्याआड शिरला. तिथे दुसराच कुणी हनुवटी टेकवून बसला होता.

“डॉक्टरबाई, घरात आहे,” तो म्हणाला. “मला आहे.”

बाकावरची कुजबुज एकदम थांबली. एरवी तो आवाज खाली ठेवून बोलला असता. आज तेवढंही सुचलं नाही. दिवे किती दिसतात, खांब कसे दिसतात, इतरांना पुढे का सोडतो, सगळं त्याने तिथेच सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी त्याला यंत्रापाशी बसवलं. एका डोळ्याचं दुखणं बरंच पुढे गेलं होतं, दुसरा त्या मानाने बरा. त्या म्हणाल्या, यात समुद्राचा दोष नाही. हे पुष्कळदा घराण्यातून येतं. वाऱ्याने डोळे खाजतात आणि आपण चोळतो, त्याने ते वाढतं. एक कडक भिंग मिळतं, ते डोळ्यावर बसवलं की बरंच स्वच्छ दिसेल. डोळा फारच बिघडला तर नेत्रदानात मिळालेला पडदा बसवता येतो. पण आज तो विषय नको. भिंग सरावाचं होईपर्यंत सुकाणू मात्र धरायचं नाही. आणि धाकटीची चिठ्ठी त्यांनी त्याच्यासमोरच लिहिली, याच आठवड्यात जा म्हणून.

तो बाहेर आला तेव्हा मालकीणबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“म्हणजे तू सगळ्यांना आधी सोडायचास ते यासाठी होय,” ती म्हणाली. “आणि मी मेली गावभर सांगत फिरते, आमचा माणूस किती सभ्य.”

“चुकलं माझं, बाई.”

“चुकलं म्हणजे? होडीवर माणसं असतात, बाबा. उद्यापासून सुकाणूला हात लावायचा नाहीस. पण कामावर यायचं. जाळं ओढायला डोळे नाहीत, खांदे लागतात.”

घरी आल्यावर आई देवापुढे हात जोडून किती वेळ बसून राहिली. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, “आईला तरी सांगायचंस.” मग तिने ताट वाढलं.

शहरात धाकटीच्या आधी एका डोळ्यावर तो प्रकाशाचा उपचार झाला, मग दुसऱ्यावर. झाल्यावर काही दिवस डोळ्यांची अशी आग व्हायची, की पडदे ओढून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. थेंब घालायचं काम दादाने घेतलं. उजेड सहन व्हायला लागला तसं तिने विचारलं, आता पाटी वाचता येईल का. तिला थाप मारायची त्याच्यात हिंमत नव्हती. तो म्हणाला, “नाही. पण आज जेवढी दिसते, तेवढी पुढेही दिसावी म्हणून हे केलंय.” ती थोडी रडली. रडून झाल्यावर डोळे पुसायला रुमाल हवा म्हणाली, मूठ नको.

दादाचं भिंग आलं तेव्हा त्याची गंमत झाली. वादळात दोर धरणारी ती बोटं एवढ्याशा टिकलीपुढे हार मानायची. धाकटी आरसा धरून त्याला शिकवायची, आणि तो पापणी मिटून घ्यायचा तेव्हा धक्क्यावरच्या शूर माणसाची यथेच्छ टर उडवायची. हळूहळू जमलं. वारा सुटला की डोळ्यात खुपायचं, मग तो भिंग काढून डबीत ठेवायचा. सुकाणूचं पुढे बघू, असं मालकीणबाई म्हणाली होती. आणि तिचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

काही महिन्यांनी धाकटीला पुन्हा मोजायला नेलं. डॉक्टरबाईंनी जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवले, दोनदा ताडून बघितले आणि हसल्या. आकडे होते तिथेच होते. आईचा चेहरा आधी उतरला. एवढं सोसून काहीच झालं नाही का, असं तिने विचारलंही. मग दादाने तिला सावकाश सांगितलं, की काहीच होऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता.

आई पडद्याबाहेर आली. बाकावरच्या एका बाईने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर?

“काडीचाही फरक नाही,” आई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

बाई हळहळली. “होईल हो. देव आहे.”

“नको, नको, व्हायलाच नको,” असं म्हणून आई तिच्याशेजारी बसली, दोन्ही तळहातांचा घुमट केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.