एका नवऱ्याच्या दोघी

तळेघरच्या जानकाबाईचं काळजाचं ऑपरेशन मंचरच्या दवाखान्यात अडकलं. सरकारी मोफत उपचार योजनेच्या कम्प्युटरनं तिचं कार्ड बनावट ठरवलं होतं.

"आजी, हौसाबाई म्हणजे तुम्हीच ना?" खिडकीतल्या स्नेहानं विचारलं. "बाप, नवरा, जन्मतारीख, तोंडवळा, सगळं एकच. लग्नात नाव बदललेली एकच बाई दोन कार्डं वापरते, असं कम्प्युटर म्हणतोय."

"हौसा माजी पाठची बहीण. मला मूल व्हईना, म्हून बापानं तिलाबी त्याच घरात दिली."

जन्मतारीख दोघींनाही ठाऊक नव्हती. कार्डवाल्यानं एकच टाकून दिली होती.

"मग दोघी मिळून कॅमेऱ्यासमोर बसा. आज नाही बसलात, तर कार्ड बंद."

जानकाबाईनं कचरतच हौसाला फोन लावला. नवरा गेल्यावर बांधावरून भांडण झालं आणि हौसा पोराकडे बोरीला निघून गेली, तेव्हापासून बोलणं तुटलं होतं. फोनवर हौसा "बघते" एवढंच म्हणाली.

दुपार कलली. छातीवर हात दाबून जानकाबाई दाराकडे बघत बसली. लुगड्यातली कुणी दिसली की तिची धाप वाढायची.

अखेर हौसा आली, ती कुरकुरतच. "नवरा अर्धा दिलास, आता कार्डावर जीवबी दोघींत एकच ठेवतीस व्हय गं, आक्के?"

दोघी कॅमेऱ्यासमोर बसल्या. पडद्यावरचं चाक फिरतच राहिलं. जानकाबाईनं डोळे मिटले.

"डोळे उघडा, आजी! झालं, दोघी वेगळ्या," स्नेहा म्हणाली. "आजच भरती करू. सोबत कोण राहणार?"

जानकाबाईनं हौसाकडे पाहिलं.

"मी हाय की," हौसा म्हणाली. "पर जेवताना नाकं मुरडलीस, तर बोरीची गाडी धरीन."