डॉक्टरांसमोर मास्तर

"आज वार कोणता, मास्तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर मंद हसले. "निवृत्त माणसाला रोजच रविवार, डॉक्टर."

डॉक्टरही हसले. शेजारी बसलेली मास्तरांची बायको हसली नाही. मास्तरांना वार ठाऊक नव्हता. महिना, साल, काहीच ठाऊक नव्हतं. पण चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस तो. उत्तर येत नसलं तरी वर्ग कसा हातात ठेवायचा, हे अंगात मुरलेलं. तब्येत ठणठणीत आहे, असं सांगून डॉक्टरांनी दोघांना वाटेला लावलं.

घरी हेच मास्तर गॅस उघडा टाकून निघून जायचे. दोनदा हमरस्त्यावरून लोकांनी आणून सोडलं होतं. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती आणि मालकाची सबुरी संपत आली होती. अशा माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात एक जागा रिकामी होती, तीही याच आठवड्यापर्यंत राखून ठेवलेली. आजार आहे असं लिहिलेल्या डॉक्टरांच्या कागदाशिवाय प्रवेश नव्हता. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा माझ्याशी किती छान बोलतात, तूच दमली आहेस.

शेजारीण मात्र स्पष्ट बोलली. "तुम्ही त्यांना नवरदेवासारखं नटवून नेता. दाढी तुम्ही करता, इस्त्री तुम्ही करता. मग कोण विश्वास ठेवणार? आहेत तसे न्या."

चार दिवस तिने त्यांच्या दाढीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मास्तरांनी आपणच सदरा चढवला. गुंड्या एका काजाने चुकल्या. ती मुठी आवळून बघत राहिली. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मास्तर सारखे तळहाताने हनुवटीवरचे खुंट झाकत होते. कशाची लाज वाटतेय ते त्यांना कळत नव्हतं, पण लाज वाटत होती. तिला त्यांच्याकडे बघवेना.

आत गेल्यावर डॉक्टर दचकलेच. हे काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. मास्तरांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं, मग पुढे वाकून आवाज खाली आणला.

"रागावू नका, डॉक्टर. हल्ली हिच्या काही लक्षात राहत नाही. मी सांभाळून घेतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते तिच्याकडे वळले. "बाई, आज वार कोणता?"

कित्येक आठवडे तिला सलग झोप नव्हती. तिने तोंड उघडलं. मंगळवार? बुधवार? काहीच येईना.

"यांना माझं नाव विचारा," ती म्हणाली. "तेवढं एकच विचारा."

डॉक्टरांनी विचारलं.

"नावाने हाक मारायची वेळच आली नाही," मास्तर म्हणाले. "मी खाकरलो की येते."

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी तिच्याच तपासण्या लिहून दिल्या, पुढच्या आठवड्यातल्या. तोवर केंद्रातली जागा जाणार होती. तिने ते दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी तिला समजूतदारपणे पाणी दिलं.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मास्तरांनी तिचा दंड धरला. गेलं वर्षभर ते तिला परक्या बाईसारखं अहोजाहो करत होते.

"घाबरू नकोस गं," ते म्हणाले. "मी आहे ना."

आणि दवाखान्याच्या बाहेरच्या दाराकडे पाठ करून ते ठाम पावलांनी आतल्या बोळाच्या बंद टोकाकडे निघाले. तिकडे वाट नाही हे तिला दिसत होतं. दंड न सोडवता ती त्यांच्याबरोबर चालत गेली.